सभासद नसलेल्यांची सर्वसाधारण सभा

सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण हा माझा धंदा. पतसंस्था, विविध कार्यकारी सोसायट्या, पगारदारांच्या पतपेढ्या, मधूनच एखादी गृहनिर्माण संस्था. मार्च संपला की नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावात, करकरणाऱ्या पंख्याखाली, रजिस्टरांच्या चळतीमागे मी बसलेली असते. थकबाकीची यादी, तरतुदी, येणे व्याज, संचालकांच्या पाहुण्यारावळ्यांची कर्जं. यातून डोकं बाहेर काढायला माणसाने काहीतरी भलतंच धरावं म्हणून मी फुटबॉल धरला, त्यातही स्पेनचा बार्सिलोना क्लब. आणि त्या क्लबने मला फिरवून फिरवून पुन्हा थकबाकी, तरतुदी आणि येणे व्याजापाशीच आणून सोडलं.

वेड लावलं धाकट्या भावाने. तो अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. शिफ्ट सांभाळून रविवारी सकाळी गंगापूर रोडच्या एका टर्फवर खेळतो, आणि खेळून झालं की सगळं टोळकं मिसळ खायला बसतं. कधी कधी मीही जाते. तिथे मला सगळे ताई म्हणतात, माझ्याहून वयाने मोठा असलेला एक टक्कल पडलेला गोलकीपरसुद्धा. पूर्वी वाद ठरलेले असायचे. चावी मोठा की इनिएस्ता, 2009 चा संघ भारी की 2011 चा, वेम्ब्लीवर डगआउटमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या प्रशिक्षक फर्ग्युसनचे हात थरथरले ते नक्की कशामुळे. आता रस्सा यायच्या आत प्रश्न येतो, "ताई, पगाराच्या मर्यादेत आलो का आपण?" ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, प्रत्येक क्लबच्या पगारखर्चाला मर्यादा घालते; त्यात जागा असेल तरच नवा खेळाडू नोंदवता येतो.

मी कागद मागते. टिश्यू पेपर चालतो. मेस्सीचा पहिला करारही 2000 च्या डिसेंबरात एका टेनिस क्लबातल्या कागदी रुमालावरच झाला होता, तेव्हा त्यात अपमान काही नाही.

चांगली चाललेली संस्था कशी बुडते, ते क्वचितच एका रात्रीत होतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये नेमार 22.2 कोटी युरोला पॅरिसला गेला. समृद्धी महामार्गाचे पैसे मिळाल्यावर सिन्नर-इगतपुरीकडच्या काही घरांत जे झालं तेच मग बार्सिलोनात झालं: रक्कम मोठी, हातात एकदम, आणि विकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक की यांच्याकडे ती आहे. डेम्बेले आला 10.5 कोटींना, बोनस वेगळा. पाच महिन्यांनी कुटिन्हो आला, 12 कोटींच्या आसपास आणि अटींवर आणखी. 2019 मध्ये ग्रीझमान, पुन्हा 12 कोटी. तिघांचे पगारही किमतीला शोभतील असे. 2020 च्या ऑगस्टमध्ये लिस्बनला जर्मनीच्या बायर्न म्युनिकने 8-2 ने धुतलं तेव्हा शेवटचे दोन गोल कुटिन्होने मारले. बायर्नकडून. बार्सिलोनानेच त्याला तिकडे उसना पाठवला होता. त्याच उन्हाळ्यात लुईस सुआरेझला 'तुझी गरज नाही' म्हणून सांगितलं, तो ॲटलेटिको माद्रिदला गेला, 21 गोल मारले आणि त्यांना लीग जिंकून दिली. डेम्बेलेची गोष्ट तर अजून चालू आहे. घेतला त्याच्या निम्म्याच्या आसपास किमतीत 2023 मध्ये पॅरिसला दिला आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा 2025 चा बॅलन डी'ओर त्याने उचलला. बार्सिलोनाचा यामाल दुसरा आला. भाऊ त्या दिवशी जेवला नाही.

पण टोळकं 8-2 वर हळहळत होतं तेव्हा माझं मन अडकलं होतं 29 जून 2020 या तारखेवर. क्लबचं आर्थिक वर्ष 30 जूनला संपतं. त्याच्या आदल्या दिवशी बार्सिलोनाने 23 वर्षांचा आर्थर 7.2 कोटींना युव्हेंटसला विकला आणि 30 वर्षांचा प्यानिच 6 कोटींना त्यांच्याचकडून घेतला. हा साधा अदलाबदलीचा सौदा होता, मग दोन वेगळ्या पावत्या कशाला? तर खेळाडू विकला की नफा त्याच वर्षी दिसतो, आणि विकत घेतलेल्याची किंमत मात्र कराराच्या वर्षांत वाटून थोडी थोडी खर्ची टाकता येते. म्हणजे खऱ्या पैशाची देवाणघेवाण जुजबी आणि दोन्हीकडच्या वह्यांत नफा. आमच्याकडे याला नवं-जुनं करणं म्हणतात. 31 मार्चच्या आधी थकलेलं कर्ज भरलं असं दाखवायचं, त्याच दिवशी त्याच माणसाला तेवढंच नवं द्यायचं, की थकबाकी शून्य. मी हे इतक्यांदा पकडलंय की ती बातमी वाचून मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, तरी आकडे एकदा शेजारी मांडावेत. ऑगस्ट 2020 मध्ये मेस्सीने 'मला जाऊ द्या' अशी नोटीस पाठवली. ऑक्टोबरात अध्यक्ष बार्तोमेउंनी राजीनामा दिला. जानेवारीत मेस्सीचा करार एका स्पॅनिश दैनिकात छापून आला: चार वर्षांचे जास्तीत जास्त 55.5 कोटी युरो. मार्च 2021 मध्ये 54 टक्के मतं घेऊन जोआन लापोर्ता निवडून आले. प्रचारात त्यांनी प्रतिस्पर्धी रियाल माद्रिदच्या स्टेडियमशेजारी भलामोठा फलक लावला होता की, तुम्हाला पुन्हा भेटायची ओढ लागलीय. ऑगस्टमध्ये मेस्सी रडत रडत गेला. आणि आठवडाभराने लापोर्तांनी वह्या उघडल्या: एकूण देणं 135 कोटी युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने बारा हजार कोटी रुपयांच्या आसपास. पगार उत्पन्नाच्या 103 टक्के. 2020-21 चा तोटा 48.1 कोटी. नक्त मूल्य उणे, म्हणजे मालमत्तेपेक्षा देणं जास्त. पुढच्या वर्षी ला लीगाने पगारावरच्या खर्चाची जी मर्यादा जाहीर केली, त्यात बार्सिलोनापुढे आकडा होता उणे 14.4 कोटी. खर्चाची मर्यादाच उणे! कोविडने स्टेडियम रिकामी ठेवली हे खरं, पण ती सगळ्यांचीच रिकामी होती.

आमच्या कायद्यात लेखापरीक्षक संस्थेला वर्ग देतो: अ, ब, क, ड. मी 'ड' दिला असता आणि कलम 83 खाली चौकशीची शिफारस केली असती. भाऊ म्हणाला, "ताई, मेस्सी गेलाय आणि तुला वर्ग कसले सुचतात?" पण मला रडायला येत होतं म्हणूनच मी हिशोब करत होते.

आता मुद्द्याची गोष्ट. हा क्लब कुणाचा? स्पेनने 1990 मध्ये कायदा करून व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हायला लावलं. त्यातून चारच सुटले: रियाल माद्रिद, ॲथलेटिक बिल्बाओ, ओसासुना आणि बार्सिलोना. बार्सिलोनाचे मालक म्हणजे त्याचे लाखाहून जास्त सभासद. त्यांना लाभांश नाही, हिस्सा विकता येत नाही, पण मत आहे. निवडणुकीत पॅनेलं पडतात. वार्षिक सभेला लॉटरीने काढलेले प्रतिनिधी जातात. अविश्वासासाठी सह्या गोळा करता येतात. बार्तोमेउंविरुद्ध वीस हजारांवर झाल्या, तेही कोविडमध्ये, आणि मतदान व्हायच्या आतच ते पायउतार झाले. निवडून आलेल्या मंडळाला अंदाजपत्रकाच्या 15 टक्क्यांची स्वतःची हमी द्यावी लागायची. लापोर्तांना ती 12.46 कोटींची जमवताना शेवटच्या रात्रीपर्यंत धावपळ झाली. 2022 च्या कायद्यात ही अट काढून टाकली. ती काढली हे वाचून मला बरं वाटलं नाही. संचालकाच्या खिशाला हात लागतो तेवढ्यानेच तो कागद वाचतो, हा माझा अनुभव आहे.

हे वाचताना मला वडील दिसतात. आमचे बाबा द्राक्षवाले, पण थोडा ऊस असायचा म्हणून कारखान्याचे सभासद. कारखान्याचं नाव घेत नाही. दर सप्टेंबरात धोतर-टोपी घालून सभेला जायचे. अहवालाचं पुस्तक आदल्या रात्री पेन्सिलीने खुणा करून वाचलेलं असायचं. सभेत विषय क्रमांक एक ते नऊ 'मंजूर, मंजूर'च्या आवाजात संपत आणि मग तो शेवटचा, अमर विषय येई: मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे. बाबा उभे राहायचे. कर्जाबद्दल विचारायचे, उसाच्या थकलेल्या पैशाबद्दल विचारायचे. कधी उत्तर मिळे, कधी माईक बंद होई. कारखाना शेवटी बंद पडला. त्यांच्या भाग भांडवलाचं काय झालं ते मी हिशोब करून सांगू शकते, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

म्हणून सहकार म्हटलं की माझ्या डोळ्यांत पाणी येत नाही. सभासदांची संस्था सभासदांच्याच डोळ्यांदेखत कशी पोखरली जाते हे मी पोटापाण्यासाठी बघते. निवडून यायचं तर मोठं नाव आणायला लागतं; मोठं नाव आणायचं तर पुढच्या मंडळाच्या डोक्यावर बिल ठेवायला लागतं. बार्सिलोनात ज्यांच्यासाठी हा खेळ चालतो ती 'गॅलरी' म्हणजे अख्खं जग, एवढाच फरक.

तरीही आमच्यातल्या युनायटेडवाल्याशी वाद निघाला की मी सहकाराच्या बाजूने उभी राहते.

हा प्राणी नाशिकरोडचा. बाकी सगळे बार्सिलोनाचे किंवा, कपाळ आमचं, रियालचे. हा एकटा मँचेस्टर युनायटेडचा, आणि अलीकडे त्याच्याशी सगळे आजाऱ्याशी बोलावं तसं बोलतात. 2024-25 मध्ये त्याचा संघ 42 गुणांवर, पंधराव्या क्रमांकावर राहिला. त्यातून युरोपा लीगची फायनल गाठली आणि बिल्बाओला टॉटनहॅमकडून 1-0 ने हरला, त्याच टॉटनहॅमकडून जो लीगमध्ये त्याच्याही खाली होता. पण तो मैदानाबद्दल बोलतच नाही. तो 2005 पासून सुरुवात करतो. ग्लेझर कुटुंबाने क्लब 79 कोटी पौंडांना घेतला, त्यातला मोठा भाग कर्ज काढून, आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच अंगावर. तोवर युनायटेडवर कर्ज नव्हतं. आता विकत घेतला गेल्याचं व्याज तो स्वतः भरतो. व्याज आणि इतर खर्चापोटी गेलेली रक्कम एक अब्ज पौंडांच्या वर आहे. 2024 मध्ये जिम रॅटक्लिफ 27.7 टक्के घेऊन आले आणि काटकसर सुरू झाली: शेकडो नोकऱ्या गेल्या, कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद झालं, फर्ग्युसनचं मानधन थांबलं, मोसमाच्या मध्येच तिकीट 66 पौंड झालं.

"तुमचा तोटा तुम्ही नाचत केला," तो म्हणतो. "नेमारच्या पैशात खेळाडू तरी आणले. आमचे पैसे गेले कुठे ते दाखव."

बरोबर आहे त्याचं. पण मी त्याला विचारते, तुमचे लोक वीस वर्षं काय करताहेत? 2010 मध्ये हिरवे-पिवळे मफलर घातले, जुन्या न्यूटन हीथचे रंग. मोर्चे काढले. ग्लेझर अजून बहुसंख्य मतांचे धनी आहेत. बार्तोमेउ सह्यांनी गेले. सभासदाच्या हातात तेवढंच असतं, आयत्या वेळच्या विषयात उठून उभं राहणं, पण ते असतं. युनायटेडच्या चाहत्यांपैकी ज्यांना हे खरोखर कळलं त्यांनी 2005 मध्येच वेगळी चूल मांडली: एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, एका सभासदाला एक मत. दहा वर्षांनी स्वतःचं मैदान बांधलं. खालच्या, फार खालच्या पायरीवर खेळतात. आमच्या युनायटेडवाल्याला त्यांचं कौतुक आहे, पण त्यांचा सामना तो बघत नाही. कुठे दिसतही नाही म्हणा.

दिसण्यावरून आठवलं. 2018 ते 2021 अशी तीन वर्षं भारतात ला लीगा फेसबुकवर फुकट दिसायची. मेस्सीची बार्सिलोनातली शेवटची वर्षं आम्ही त्या चौकोनात पाहिली, बाजूने हजारो लोक हृदयं उडवताहेत आणि मधून मेस्सी पळतोय. नंतर सामने कधी या ॲपवर गेले, कधी त्या. आता टोळक्यात वर्गणी काढून एक खातं चालतं. 2022 च्या उन्हाळ्यात लापोर्तांनी ते प्रसिद्ध 'लिव्हर' ओढले, म्हणजे क्लबची मालमत्ता विकून रोकड उभी केली, त्यात ला लीगाकडून मिळणाऱ्या प्रसारण उत्पन्नाचा चौथा हिस्सा पंचवीस वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीट या अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकला. म्हणजे नाशिकमधून आम्ही भरतो त्यातला जो काही दाणा बार्सिलोनाच्या वाट्याला जात असेल त्याचाही पाव भाग अमेरिकेत उतरतो, आणि 2047 पर्यंत उतरत राहील. तेव्हा भावाची मुलगी माझ्या आत्ताच्या वयाला पोचत आली असेल. त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या स्टुडिओचा 49 टक्के हिस्साही विकला, 20 कोटी दाखवले. त्यावर लेवान्डोव्स्की आला, रफिन्या आला, कुन्दे आला. मी भावाला म्हणाले, हे उत्पन्न नाही, ही मालमत्तेची विक्री आहे. चालू खर्चासाठी जमीन विकणाऱ्याला आपण काय म्हणतो? तो म्हणाला, "लेवान्डोव्स्की म्हणतो." पुढच्याच मोसमात लीग जिंकली तेव्हा मी गप्प बसले. पण शेरा मागे घेतलेला नाही.

आमच्या चर्चांचा कळस झाला 31 डिसेंबर 2024 ला. गावभर थर्टी फर्स्टची गाणी, आणि आमच्या गच्चीवर सात-आठ माणसं मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेली: दानी ओल्मोची नोंदणी होते की नाही. पार्श्वभूमी अशी. ओल्मो लहानपणी बार्सिलोनाच्याच अकादमीत होता, सोडून गेला, आणि 2024 मध्ये त्याला साडेपाच कोटी मोजून लाइपझिगहून परत आणला. पण पगाराच्या मर्यादेत जागा नव्हती. ऑगस्टमध्ये ख्रिस्टनसेनला मोठी दुखापत झाली, आणि नियमाप्रमाणे दीर्घ आजारी खेळाडूच्या पगाराचा काही भाग नव्या नोंदणीला वापरता येतो. तसा ओल्मो अर्ध्या वर्षापुरता बसवला. मुदत संपली 31 डिसेंबरला. जागा करण्यासाठी क्लबने नव्या कॅम्प नोउ स्टेडियममधल्या व्हीआयपी जागांचे पुढच्या कित्येक वर्षांचे हक्क 10 कोटींना विकले. कागद पोचायला उशीर झाला. 8 जानेवारीला स्पेनच्या सरकारी क्रीडा परिषदेने तात्पुरती मुभा दिली म्हणून तो खेळला. आणि एप्रिलमध्ये ला लीगाने जाहीर केलं की, नव्या लेखापरीक्षकाने ती व्हीआयपीची रक्कम नफ्याच्या खात्यात धरलेलीच नाही. त्या दिवशी मी मिसळीचं बिल दिलं. जगात कुठेतरी माझ्या धंद्यातला कुणीतरी बार्सिलोनाच्या वहीवर लाल रेघ मारतो, ही काय कमी गोष्ट आहे! टोळक्याला मात्र मी त्या दिवशी फितूर वाटले.

ख्रिस्टनसेनचा प्रकार 2025 मध्ये पुन्हा झाला. नवा गोलकीपर जोआन गार्सिया नोंदवायचा तर जुन्या तेर स्टेगनची पाठीची शस्त्रक्रिया 'दीर्घ मुदतीची' ठरायला हवी होती, त्यासाठी त्याची सही हवी होती, आणि तो देईना. कर्णधारपद काढून घेतलं, सही झाली, कर्णधारपद परत. आमचा टकला गोलकीपर त्या आठवड्यात फार अस्वस्थ होता. गुडघा दुखत असूनही त्याने टर्फवर कुणाला सांगितलं नाही.

एवढं सगळं असताना माणसं या क्लबला सोडत का नाहीत, याचं उत्तर ताळेबंदातच आहे, म्हणजे ताळेबंदात जे लिहीत नाहीत त्यात. खेळाडू विकत घेतला तर त्याची किंमत मालमत्तेच्या बाजूला येते. घरी वाढवलेल्याची येत नाही. लामिन यामाल सातव्या वर्षी अकादमीत आला, पंधराव्या वर्षी पहिला सामना खेळला, सोळाव्या वर्षी युरो चषकाच्या उपांत्य सामन्यात फ्रान्सला तो गाजलेला गोल मारला. मतारो गावातल्या रोकाफोंदा वस्तीतला पोरगा; गोल केला की बोटांनी 304 करून दाखवतो, वस्तीच्या पिनकोडचे शेवटचे आकडे. कुणाला न्यायचा असेल तर करारात लिहिलेली रक्कम 100 कोटी युरो आहे. आणि वहीतली त्याची किंमत जवळपास शून्य. क्युबार्सी, बाल्दे, गावी, फर्मिन, सगळ्यांचं तसंच. उणे नक्त मूल्य दाखवणाऱ्या संस्थेच्या आत हा एवढा ठेवा न लिहिलेला पडून आहे. मी आयुष्यभर उलटं पाहिलंय, वहीत भरपूर आणि तिजोरीत काही नाही.

2024-25 चा तो मोसम! प्रशिक्षक हान्सी फ्लिकने बचावाची रेघ अर्ध्या मैदानापर्यंत पुढे नेली आणि पोरांना सांगितलं, इथेच उभं राहायचं. रियालच्या बर्नाबेउ मैदानावर 4-0 जिंकलो त्या रात्री रियाल बारा वेळा ऑफसाइड झालं, त्यातला एम्बापे एकटाच आठ वेळा. सुपरकपात 5-2. सेव्हिया शहरात कोपाच्या, म्हणजे स्पॅनिश चषकाच्या, फायनलमध्ये 3-2, 116 व्या मिनिटाला कुन्देचा गोल. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, खालच्या मजल्यावरच्या काकू दूधवाला आला समजून उठल्या. मग मे महिन्यात लीगमध्ये 4-3. एका मोसमात चार वेळा रियाल, चारही वेळा आपण. ज्या रफिन्याला विकून मर्यादेत बसा असं मी कागदावर सिद्ध केलं होतं त्याने 34 गोल केले. हिशोबाला हे कळत नाही.

आणि मिलान. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत तिथल्या इंटरविरुद्ध घरी 3-3, तिकडे 0-2 वरून 3-2, रफिन्याचा गोल 87 व्या मिनिटाला. फायनल हाताशी. भरपाईच्या वेळेत असेर्बी नावाच्या सदतीस वर्षांच्या बचावपटूने बरोबरी केली, जादा वेळात फ्रात्तेसीने संपवलं. 6 मेची ती रात्र, म्हणजे आपल्या तारखेने 7 मेची पहाट. सामना चालू असतानाच फोनवर वेगळ्याच बातम्या यायला लागल्या होत्या. ऑपरेशन सिंदूर त्याच तासांतलं. देवळालीच्या तोफखान्यात नातेवाईक असलेला एकजण अर्ध्यातून उठून बाहेर गेला तो परत आलाच नाही. असेर्बीच्या गोलवर ओरडायला अर्धी खोली नव्हती. त्या सामन्यावर आमच्यात पुढे कधी नीट चर्चा झाली नाही.

लोक विचारतात, हे सगळं एवढ्या लांबचं कशाला? जवळचा एखादा क्लब धरा की. धरला होता. पुणे सिटी, 2014 पासून, नारिंगी जर्सी, पहिल्या वर्षी चक्क फ्रान्सचा त्रेझेगे. भाऊ आणि युनायटेडवाला गाडी काढून बालेवाडीला जायचे, नारायणगावला वडापाव, रात्री परत. 2018 च्या मार्चमध्ये प्लेऑफला पोचले, पुण्यात 0-0, मग बंगळुरूत सुनील छेत्रीची हॅटट्रिक आणि 3-1. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात क्लब संपला, त्याची जागा हैदराबादला गेली. त्याआधी पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स. 2015 ते 2019 या काळात एकट्या पुण्याने चार क्लब घालवले. कुठे सभा झाली नाही, कुणाच्या सह्या नाहीत, आयत्या वेळचा विषय नाही. मालकाला परवडेना, दुकान बंद. भावाने ती नारिंगी जर्सी अजून टर्फवर घालायला ठेवलीय. लोक त्याला विचारतात, ही कुठल्या बँकेची?

आणि दुसरीकडे कोल्हापूर. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. पेठेची तालीम, तालमीचा संघ, शाहू स्टेडियमवर भर दुपारी भरलेली गॅलरी. तिथे हाणामाऱ्या होतात, परदेशी खेळाडूंवर खर्च होतो, वर्गणीवरून भांडणं होतात. पण पाटाकडील तालीम हैदराबादला हलवू असं कुणी म्हणून दाखवावं. बार्सिलोना बघून सभासदांच्या क्लबचं कौतुक करणाऱ्या आम्हाला हा नमुना आपल्याच राज्यात आहे हे कितीतरी उशिरा सुचलं. नाशिकला अशी तालीम का उभी राहिली नाही यावर एकदा बोलणं निघालं. देवळालीला शाळा आणि लष्कर, म्हणून तिकडे फुटबॉल. शहरात सगळा ओढा क्रिकेटचा. शिवाय आपल्याकडे मंडळ निघालं की ते गणपतीचं किंवा निवडणुकीचं. वाद तिथेच थांबला, कारण मिसळवाल्याला टेबल हवं होतं.

2025 च्या डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. टोळक्यातले दोघं तिकीट काढून गेले. आदल्या दिवशी कोलकात्यात लोकांनी मेस्सी दिसेना म्हणून खुर्च्या भिरकावल्या होत्या, म्हणून घरचे घाबरलेले. मुंबईत तो दिसला, सचिनने दहा नंबरची जर्सी दिली, चेंडू गॅलरीत मारले. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? भाऊ म्हणाला, "चालताना दिसला ना ताई. पुरे." मी तिकिटाचे पैसे किती ते विचारलं नाही. तेवढं मलाही कळतं.

2025-26 च्या मोसमात वाद रॅशफोर्डचा होता. युनायटेडने त्याला बार्सिलोनाला वर्षभर उसना दिला होता; उन्हाळ्यात 3 कोटी युरोंच्या आसपास मोजून ठेवून घ्यायचा पर्याय होता. न्यूकॅसलला जाऊन त्याने दोन गोल मारले तेव्हा युनायटेडवाला आमच्याहून मोठ्याने ओरडला आणि मग स्वतःवरच चिडला. मग तो रोज भावाच्या मागे लागला, की घेऊन टाका. "3 कोटी म्हणजे काहीच नाही. कॅम्प नोउ उघडलंय तुमचं, गेट कलेक्शन सुरू झालंय."

पंचेचाळीस हजारांना उघडलंय, मी म्हटलं, बांधकामाचं 145 कोटींचं कर्ज उरावर आहे, आणि 3 कोटी पाच वर्षांत वाटले तर वर्षाला साठ लाख, ते जमेल. त्याचा पगार किती, ते आधी बोल.

त्याने सांगितला. टिश्यू पेपर संपले होते, भावाने वेटरकडून बिलाचा कागद मागवला.